जुन्या रॅलींच्या फोटोंतल्या मोटारी आणि चालक ओळखायचे कसे? (पेकिंग–पॅरिस १९०७, न्यूयॉर्क–पॅरिस १९०८ आणि त्या काळातले इतर)

पितळी_भोंगा

१९१४ च्या आधीच्या लांब पल्ल्याच्या मोटार-स्पर्धांचे फोटो आता घरबसल्या हजारोंनी बघायला मिळतात. फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या 'गॅलिका'वर रोल या वृत्तसंस्थेच्या काचपट्ट्या (काचेवरच्या निगेटिव्ह) आहेत, अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये बेन न्यूज सर्व्हिसचा साठा आहे. फोटो मिळतो, पण त्याखालची ओळ दगा देते. पन्नास-साठ वर्षांनी कुणीतरी पेन्सिलीनं मागे नाव लिहितं, पुढचा तेच छापतो आणि मग ते नाव कायमचं चिकटतं.

या धाग्यात ओळखण्याच्या खुणा गोळा करू. सुरुवातीला सरावासाठी फोटो क्र. १ देतोय, पोस्टकार्डाच्या आकाराचा आहे. उघडी मोटार, फरचे जाड कोट घातलेली तीन माणसं, कडेला बर्फ, मागे टोपीवाल्यांची गर्दी, एक-दोन झेंडे. स्टिअरिंग डाव्या हाताला. रेडिएटर वरून सपाट. मागच्या पाटीवरची अक्षरं धूसर. मागे पेन्सिलीनं लिहिलंय: 'गोदार, पेकिंग–पॅरिस, १९०७'.

हे खरं मानायचं का?

आगाऊ_प्रवासी

स्टिअरिंग डावीकडे म्हणजे अमेरिकन गाडी. बर्फ म्हणजे सैबेरिया. झालं की!

चेनकव्हर

अहो, दोन्ही चूक. :)

स्टिअरिंगचं आधी. १९०७-०८ साली डावं-उजवं देशावरून ठरत नव्हतं. फ्रान्स, जर्मनीत वाहतूक उजव्या बाजूनं चालायची, तरी मोटारींचं स्टिअरिंग बहुतेक उजव्या हातालाच असे. अमेरिकेतही तसंच. न्यूयॉर्क–पॅरिस जिंकलेली थॉमस फ्लायर उजव्या स्टिअरिंगचीच आहे, रेनोच्या संग्रहालयात ती आजही उभी आहे (हे रेनो म्हणजे नेवाडातलं गाव, गाडीची कंपनी नव्हे). फोर्डचं मॉडेल टी १९०८ च्या ऑक्टोबरात आलं ते डाव्या स्टिअरिंगचं, आणि बाकीचे अमेरिकन कारखानदार पुढच्या सहा-सात वर्षांत त्या वाटेला गेले. त्यामुळे १९०८ च्या आधीच्या मोठ्या गाडीचं स्टिअरिंग डावीकडे दिसलं की पहिला संशय गाडीवर घेऊ नका, छपाईवर घ्या. काचपट्टी उलटी ठेवून छापली की सगळं आरशातल्यासारखं फिरतं.

पडताळायचं असं:

गिअरचा आणि हँडब्रेकचा दांडा बॉडीच्या बाहेर, चालकाच्या बाजूला असतो. फोटो उलटा असेल तर स्टिअरिंगसोबत तेही डावीकडे दिसतील, म्हणून नुसत्या दांड्यावरून निकाल लागत नाही. माणसांचे कोट बघा. पुरुषांच्या कोटाची डावी बाजू उजवीवर येते. तिघांपैकी दोघांचे कोट उलटे बंद झालेले दिसले तर पट्टी उलटी आहे. अक्षरं दिसली तर प्रश्नच मिटला, मग ती हबकॅपवरची (चाकाच्या मधल्या झाकणावरची) असोत, पाटीवरची असोत की टायरवरची.

आता बर्फ. पेकिंगहून गाड्या १० जून १९०७ ला सुटल्या. प्रिन्स बोर्गेझेची इताला मोटार १० ऑगस्टला पॅरिसला पोचली, उरलेल्या तीन ३० ऑगस्टला. म्हणजे सगळी मोहीम उन्हाळ्यातली. त्यांचे फोटो चिखल, वाळू, नदीपात्र आणि तुटलेल्या पुलांचे आहेत. फरचे कोट आणि रस्त्याकडेला बर्फाचे ढीग त्यात बसत नाहीत.

काचेची_पट्टी

+१. आणि नाव 'गोदार' असेल तर पुढच्या वर्षाकडे बघायलाच हवं. शार्ल गोदार दोन्ही मोहिमांत होता. १९०७ ला डच बनावटीच्या स्पायकरवर आणि १९०८ ला बोर्दोच्या मोटोब्लोकवर. ऑग्युस्त पोंसचंही तेच. १९०७ ला तो कोंतालच्या तीनचाकीवर होता, ती गोबीच्या वाळवंटात सोडून द्यावी लागली. १९०८ ला तो सिझेर-नोदाँ घेऊन न्यूयॉर्कहून निघाला आणि पहिल्याच दिवशी बाद झाला. या दोन नावांनी भल्याभल्यांना फसवलंय, कारण चेहरा बरोबर ओळखून वर्ष चुकतं.

तिसरा घोळ कॅप्टन हॅन्सनचा. १९०८ ला तो द दियों-बुतोंवर बसून निघाला आणि वाटेत थॉमसवर गेला. त्याचा चेहरा दोन वेगवेगळ्या गाड्यांवर दिसला तर दोन्ही फोटो खरे असू शकतात.

दोन्ही वर्षांच्या गाड्या एकदा लिहून ठेवतो, मग पुढे सोपं जाईल.

१९०७: इताला (बोर्गेझे, मेकॅनिक ग्विझार्दी, वार्ताहर बार्झिनी), स्पायकर (गोदार, सोबत वार्ताहर जाँ द्यु तायी), दोन द दियों-बुतों (कॉर्मिए आणि कोलिन्यों), कोंताल तीनचाकी (पोंस). एकूण पाच.

१९०८: थॉमस, प्रोटोस, झ्यूस्ट, द दियों-बुतों, मोटोब्लोक, सिझेर-नोदाँ. एकूण सहा. १२ फेब्रुवारीला न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरहून सुटल्या.

फेब्रुवारीतलं न्यूयॉर्क म्हणजे बर्फ, फर, गर्दी, झेंडे. तुमचा फोटो मला तिथला वाटतो.

दंतचक्र

गाडीवरूनही बघू. स्पायकरची सर्वांत ठळक खूण म्हणजे गोल रेडिएटर. फोटोत वरून सपाट आहे, म्हणजे ती स्पायकर नाही. एवढ्यानंच पेन्सिलीची ओळ अर्धी पडली.

पण 'गोल म्हणजे स्पायकर' असं उलटं मात्र म्हणू नका. द्लोने-बेलव्हीलचा रेडिएटरही गोल असतो. ते मूळचे बॉयलर बनवणारे, त्यामुळे त्यांचं बॉनेटसुद्धा पिंपासारखं गोल. हॉचकिसच्या सुरुवातीच्या गाड्यांनाही गोल रेडिएटर आहे. समोरून काढलेल्या फोटोत हे तिन्ही गोंधळात टाकतात, बाजूनं बॉनेट दिसलं की सुटतात.

रेडिएटरच्या आणखी खुणा:

बॉनेट पुढे उतरतं, नाकावर जाळी नाही आणि रेडिएटर इंजिनाच्या मागे, डॅशबोर्डला लागून असेल तर लोक डोळे मिटून 'रेनॉ' लिहितात. बहुतेक वेळा बरोबर येतं. पण शारों आणि क्लेमां-बायारनंही तीच रचना वापरली. रेडिएटरच्या कडा बॉनेटच्या बाहेर किती येतात ते मोजा आणि त्याच वर्षाच्या कॅटलॉगच्या चित्राशी ताडा.

पुढे मधमाश्यांच्या पोळ्यासारखी जाळी असेल तर गाडी १९०१ नंतरची. त्या वर्षी मायबाखनं बनवलेली ३५ अश्वशक्तीची मर्सिडीज नीसच्या शर्यतींत उतरली आणि नंतर अर्ध्या युरोपनं तिची नक्कल केली. म्हणूनच 'मर्सिडीजसारखी दिसते' या वाक्याला काडीची किंमत नाही. इताला मर्सिडीजसारखी दिसते, इतरही डझनभर दिसतात. त्याआधीच्या गाड्यांत बहुधा पंखांच्या नळ्यांची वेटोळी पुढे खाली टांगलेली असतात. रेडिएटरवर मर्सिडीजची तीन टोकांची चांदणी दिसली तर १९०९ च्या आधीचा फोटो नाही, कारण चिन्हाची नोंदणीच त्या वर्षीची.

लँचेस्टर असेल तर पुढे बॉनेटच नसतं आणि चालकाच्या हातात चाकाऐवजी दांडा असतो.

कार्बाइड

दिव्यांबद्दल भर घालतो, कारण सगळ्यात जास्त खोटी नावं दिव्यांवरून पडतात. मोठ्या हेडलाइटच्या कडेला अक्षरं असतात आणि स्कॅन मोठा केला की आधी तीच वाचता येतात. 'ब्लेरिओ', 'बीआरसी', 'द्युसेलिए', 'लुकास' ही दिवे बनवणाऱ्यांची नावं आहेत. ब्लेरिओ म्हणजे तोच, ज्यानं पुढे विमानातून इंग्लिश खाडी ओलांडली. आधी तो दिवे विकत होता. म्हणून 'ब्लेरिओ मोटार' असं लिहू नका. रेडिएटरला बांधलेल्या पट्टीवर 'काँटिनेंटल' किंवा 'मिशलाँ' दिसलं तर ती टायरची जाहिरात.

दिव्यांचा उपयोग काळ ठरवायला होतो. पायदानावर पितळी डबा आणि त्यातून हेडलाइटकडे जाणारी रबरी नळी असेल तर ॲसिटिलीन. वरच्या कप्प्यातलं पाणी खालच्या कार्बाइडवर थेंबथेंब पडून गॅस तयार होतो. डबा नाही, नळी नाही, पण काचा मोठ्या, तर विजेचे दिवे असण्याची शक्यता. कॅडिलॅकनं १९१२ च्या मॉडेलला विजेचा स्टार्टर आणि दिवे दिले, त्यानंतर ते झपाट्यानं पसरलं. पण जुन्या गाडीला नवे दिवे बसवता येतात, नव्या गाडीला जुने कुणी बसवत नाही. म्हणजे विजेचे दिवे 'इतक्यानंतरचा फोटो' एवढं सांगतात, 'इतक्यानंतरची गाडी' असं सांगत नाहीत.

वाचनमात्र

चाकांवरून काही कळतं का? मला सगळी सारखीच दिसतात.

दंतचक्र

बरंच कळतं.

आरे मोजा. तोफगाड्याच्या धर्तीच्या लाकडी चाकांत पुढच्या आणि मागच्या चाकांतल्या आऱ्यांची संख्या अनेकदा वेगळी असते, उदाहरणार्थ पुढे १० आणि मागे १२. ही जोडी टिपून ठेवा. एकाच गाडीचे दोन फोटो जुळवताना ती बोटाच्या ठशासारखी उपयोगी पडते. तुंब्याभोवतीचे (चाकाच्या मधल्या भागाभोवतीचे) बोल्टही मोजा. अर्थात मोहिमेत चाक बदललेलं असू शकतं. इतालाचं एक चाक रशियात मोडलं तेव्हा तिथल्या सुतारानं कुऱ्हाडीनं तासून ते उभं केलं, हे प्रसिद्धच आहे. म्हणजे एकाच मोहिमेच्या सुरुवातीच्या आणि शेवटच्या फोटोंत एक चाक जुळलं नाही तर लगेच 'दुसरी गाडी' म्हणू नये.

मागच्या चाकापुढे चाक फिरवणारी चेन दिसते का ते बघा. थॉमसला दोन्ही बाजूंना चेन आहे, इतालाला नाही, ती शाफ्टवर चालते. चेनवर चिखलाचं कव्हर असेल तर चेन दिसत नाही, पण मागच्या चाकाच्या आतल्या बाजूला मोठं दंतचक्र दिसतं.

सिझेर-नोदाँ पुढून लगेच कळते. पुढच्या चाकांना स्प्रिंगचा आडवा एकच पाटा असतो आणि चाकं स्वतंत्रपणे वर-खाली होतात. फोटो क्र. १ मध्ये दोन्ही बाजूंना लांबीत जाणारे पाटे दिसतायत, म्हणजे पोंसची गाडी बाद.

पुढच्या चाकांना ब्रेकचे ड्रम असतील तर बहुधा १९२३-२४ नंतरचा मामला. अपवाद आहेत (इसोटा फ्रास्किनी, आर्गाइल), पण थोडे.

टायर पांढरट दिसले तर दचकू नका. कार्बन ब्लॅक (काजळी) मिसळायला लागण्याआधी रबर फिकटच असे. काहींवर कातड्याचा पट्टा आणि पोलादी खिळे दिसतील, ते घसरू नये म्हणून.

आणि जाता जाता: पायदानाला बांधलेली, तुंबा आणि आरे नसलेली नुसती धाव-टायरची रिंग दिसली तर ती खरीखुरी स्टेपनी. वेल्समधल्या लानेल्ली गावच्या कंपनीनं १९०४ च्या सुमारास ती काढली. पंक्चर झालेल्या चाकावरच क्लॅम्पनं बसवायची. कंपनी गेली, आपल्याकडे नाव राहिलं.

आगाऊ_प्रवासी

हे माहीतच नव्हतं. गॅरेजवाल्याला उद्या ऐकवतो.

बरं, लांबी मोजून गाडी ओळखता येते म्हणतात, ते कसं?

चेनकव्हर

येते, पण फोटो बराचसा बाजूनं काढलेला हवा. चाक हीच मोजपट्टी धरायची.

टायरची मापं तेव्हा मिलिमीटरमध्ये ठरलेली होती: ८१० × ९०, ८७० × ९०, ८८० × १२०, ९३५ × १३५ वगैरे. पहिला आकडा बाहेरचा व्यास. समजा स्कॅनवर चाकाची उंची २२० पिक्सेल आली आणि टायर ८८० चा धरला, तर एक पिक्सेल ४ मिलिमीटर. दोन तुंब्यांमधलं अंतर ७०५ पिक्सेल असेल तर व्हीलबेस २८२० मिलिमीटर.

पण गाडी थोडी तिरकी असेल तर चाक लंबगोल दिसतं. चाकाची रुंदी २०० आणि उंची २२० आली, तर २०० भागिले २२० म्हणजे ०.९०९. अंतर तितकंच आकसलंय. ७०५ ला ०.९०९ नं भागलं की ७७५ च्या आसपास, म्हणजे व्हीलबेस साधारण ३१०० मिलिमीटर. ही दुरुस्ती विसरली की २८ सेंटिमीटरची चूक होते आणि तेवढ्यात गाडीचं मॉडेल बदलतं.

नेहमीच्या चुका: माप चाकाच्या रुंदीवर धरणं (कायम उंचीवर धरा), फक्त जवळचं चाक मोजणं (पुढचं-मागचं दोन्ही मोजून सरासरी घ्या) आणि टायरचं माप अंदाजानं धरणं. वरच्याच उदाहरणात ८८० ऐवजी ८१० धरलं तर ३१०० चे २८५० होतात. म्हणून ही पद्धत गाडी शोधायला वापरू नका. दोन-तीन उमेदवार आधीच हाताशी असतील तेव्हा त्यांतला एक वगळायला वापरा. साधारण ३७ अंशांपेक्षा जास्त तिरकी गाडी, म्हणजे रुंदी-उंचीचं गुणोत्तर ०.८ च्या खाली, असेल तर सोडूनच द्या.

नंबरवाला

नंबरप्लेटवर कुणी बोललं नाही म्हणून.

ब्रिटनमध्ये १ जानेवारी १९०४ पासून नंबर सक्तीचे. प्लेट नसलेली गाडी ब्रिटनच्या सार्वजनिक रस्त्यावर दिसली तर बहुधा त्याआधीचा फोटो. फ्रान्समध्ये १९०१ पासून आकडा आणि अक्षर, अक्षर खाणखात्याच्या विभागाचं. ई, जी, आय, यू, एक्स ही पॅरिसची.

जर्मनीत १९०६-०७ पासून रोमन आकडे: एक म्हणजे प्रशिया, दोन बव्हेरिया, तीन व्युर्टेम्बेर्ग, चार बाडेन, पाच हेसे. पुढे अक्षर येतं, 'एक-ए' म्हणजे बर्लिन. आता घोळ इथे आहे: सॅक्सनी राज्यानं नुसते रोमन आकडे घेतले, अक्षराविना. म्हणजे नुसतं 'दोन' असेल तर ड्रेस्डेन, 'दोन-ए' असेल तर म्युनिक. धूसर फोटोत ते एक अक्षर पुसलं गेलं की गाडी एका राज्यातून दुसऱ्यात जाते.

हे उपयोगी पडतं हेर्कोमर आणि प्रिन्स हाइनरिश या जर्मन मोटार-स्पर्धांच्या फोटोंना. फ्रिट्झ एर्ले बेंझ घेऊन १९०७ ची हेर्कोमर जिंकला आणि १९०८ ची प्रिन्स हाइनरिशही. तोच माणूस, तोच कारखाना, सलग दोन वर्षं. तिथे चेहरा आणि रेडिएटर दोन्ही निरुपयोगी, प्लेट आणि स्पर्धा-क्रमांक एकत्र वाचावे लागतात. १९०९ ला विल्हेल्म ओपेल ओपेलवर जिंकला, १९१० ला फेर्डिनांट पोर्शे ऑस्ट्रो-डाइमलरवर. त्या ऑस्ट्रो-डाइमलरची बॉडी खाली निमुळती आणि वर पसरट, ट्यूलिपच्या फुलासारखी. ती एकदा बघितली की पुन्हा चुकत नाही.

स्पर्धा-क्रमांक आणि नंबरप्लेट यांत गल्लत करू नका. क्रमांक दर स्पर्धेला बदलतो, त्यामुळे त्या वर्षाची प्रवेशयादी हाताशी नसेल तर तो नुसता आकडा आहे. आणि कारखान्याच्या चाचणी-प्लेटा एका गाडीवरून दुसरीवर फिरत असत.

काचेची_पट्टी

रंगांबद्दल एक इशारा. त्या काळच्या पट्ट्यांना निळा प्रकाश फार आणि लाल जवळजवळ अजिबात दिसत नसे. म्हणून लाल रंग काळा येतो, निळा पांढुरका, पिवळा अपेक्षेपेक्षा गडद. फ्रान्सच्या झेंड्यातला निळा पट्टा पांढऱ्यात मिसळून झेंडा दोन तृतीयांश पांढरा वाटतो. अमेरिकेच्या झेंड्याचा निळा चौकोन फिका होऊन चांदण्या हरवतात. इटलीच्या झेंड्यात कडेचे दोन्ही पट्टे गडद येतात. 'काळी गाडी' असं फोटोवरून कधीही लिहू नये.

स्कॅनिंग: कागदी फोटो १२०० डीपीआय, काचपट्टी २४००, १६ बिट करडा, टिफ. मागची बाजूही स्कॅन करा, शिक्के तिथेच असतात. पोस्टकार्ड असेल तर मागे पत्ता आणि मजकूर यांच्यात उभी रेघ आहे का बघा. ही रेघ ब्रिटनमध्ये १९०२ पासून, फ्रान्समध्ये १९०३ च्या अखेरीपासून, जर्मनीत १९०५ आणि अमेरिकेत मार्च १९०७ पासून. रेघ असलेलं अमेरिकन कार्ड त्याआधीचं असू शकत नाही.

आणि ते 'फोटो सुधारणारे' सॉफ्टवेअर कृपया चालवू नका. धूसर चेहऱ्याच्या जागी ते नवा चेहरा काढतं, रेडिएटरच्या जाळीत नसलेल्या नळ्या भरतं. मग आपण त्या नळ्या मोजत बसतो. कॉन्ट्रास्ट आणि लेव्हल्स एवढंच करा.

वाचनमात्र

माणसं कशी ओळखायची? सगळ्यांच्या डोळ्यांवर गॉगल, तोंडावर मिशा.

काचेची_पट्टी

शेवटी ओळखायची. आधी गाडी, मग जागा आणि दिवस, मग त्या गाडीवर त्या दिवशी कोण असू शकतं याची यादी, आणि मग चेहरा. उलट्या दिशेनं गेलात की प्रत्येक मिशीवाला तुम्हाला हवा तोच दिसतो.

चाकावर बसलेला माणूस 'तो प्रसिद्ध चालक'च असेल असं नाही. इताला बराच काळ ग्विझार्दी चालवत असे, प्रिन्स शेजारी. थॉमसचं उदाहरण त्याहून बोलकं आहे. टाइम्स स्क्वेअरच्या फोटोंखाली सर्रास 'चालक जॉर्ज शुस्टर' लिहितात. सुटताना चाकावर माँटेग्यू रॉबर्ट्स होता, अमेरिकेतल्याच शायेन गावापर्यंत त्यानंच चालवली. शुस्टर गाडीवर होता, पण चालक म्हणून पुढे आला तो नंतर. ३० जुलैच्या पॅरिसच्या फोटोत मात्र शुस्टर बरोबर. त्याच्या चार दिवस आधी, २६ जुलैला, कोपेनची जर्मन प्रोटोस पॅरिसला पोचली होती. तिनं वाटेत रेल्वे वापरल्याचा दंड बसला आणि पहिली येऊनही ती हरली. त्यामुळे 'विजेत्याचं पॅरिसमध्ये आगमन' असं लिहिलेल्या फोटोत जर्मन गाडी दिसली तर फोटो खोटा नाही, मथळा घाईचा आहे.

चेहऱ्यात मिशी, टोपी, वजन यांवर भरवसा नको, चार महिन्यांत बदलतात. कान बघा. पाळी चिकटलेली की सुटी, कानाची वरची कड, कान डोक्यापासून किती बाहेर. तुलना करताना त्याच बाजूचा कान घ्या, आणि फोटो उलटा छापलेला नाही ना ते आधी ठरवा, नाहीतर डाव्या कानाशी उजवा जुळवत बसाल.

नंबरवाला

माँते कार्लोच्या पहिल्या रॅलीचीही (जानेवारी १९११) अशीच गंमत. विजेता आंरी रुझिए, गाडी तुर्का-मेरी. पण रुझिएनं त्याआधी द दित्रिशही चालवली होती आणि द दित्रिशच्या त्या काळातल्या मोटारींची रचना तुर्का-मेरीचीच. भाऊ-भाऊ दिसणाऱ्या दोन गाड्या आणि दोन्हींवर तोच माणूस! त्यात तो वैमानिकही होता, १९१० ला मोनॅकोत विमान उडवलं. 'रुझिए, मोनॅको' एवढ्याच ओळीवरून मोटारीचा फोटो १९११ चा धरू नका.

शोधताना 'रॅली' हा शब्द १९११ च्या आधीच्या स्पर्धांना टाकून काही हाती लागत नाही. फ्रेंच वर्तमानपत्रांत 'रेड', जर्मनमध्ये 'कोंकुरेन्झ' आणि 'फार्ट', इंग्रजीत 'ट्रायल' आणि 'टूर'. आपल्याकडची १९०४-०५ ची दिल्ली–मुंबई मोहीम (मोटर युनियन ऑफ वेस्टर्न इंडियानं भरवलेली) तीही 'ट्रायल' म्हणूनच नोंदलेली आहे.

आगाऊ_प्रवासी

दिल्ली–मुंबईचे फोटो म्हणून जे फिरतात ते खरे कसे ओळखायचे मग?

दंतचक्र

बॉडी बघा. त्या सालापर्यंत अनेक गाड्यांना मागच्या सीटवर चढायला दार मागच्या बाजूला, मधोमध असे. बाजूची दारं तेव्हा नुकती रुळत होती. पुढच्या सीटला दार असेल आणि बॉनेटपासून मागेपर्यंत एक सलग रेषा जात असेल तर ती १९०९-१० नंतरची टॉर्पेडो बॉडी, १९०४ शी तिचा संबंध नाही.

दुसरा धोका म्हणजे नंतरच्या जुन्या-गाड्यांच्या फेऱ्या. लंडन–ब्रायटनची मूळ फेरी १८९६ ची, पण १९२७ पासून ती जुन्या गाड्यांची म्हणून पुन्हा भरू लागली. त्यात लोक मुद्दाम जुने पोशाख घालतात. गाडी १९०२ ची, कोट १९०२ चा, फोटो १९३५ चा! अशा वेळी गाडी सोडा, बघ्यांकडे बघा. बायकांच्या झग्यांची लांबी, मनगटी घड्याळं, डांबरी रस्त्यावरचे पांढरे पट्टे, मागे उभी असलेली बंद मोटार. नंबरप्लेटवर तीन अक्षरं असतील तर ब्रिटनमध्ये ती १९३२ पासूनची पद्धत.

पितळी_भोंगा

सगळ्यांचे आभार. फोटो क्र. १ पुन्हा १२०० वर स्कॅन केला. निष्कर्ष:

तिघांपैकी दोघांचे कोट उलटे बंद झालेत. मागच्या पाटीवरची अक्षरं आरशातल्यासारखी आहेत, आडवं फिरवल्यावर 'हॉटेल' वाचता येतं. म्हणजे पट्टी उलटी छापलीय आणि स्टिअरिंग खरं तर उजवीकडे आहे. पुढच्या हबकॅपवर, फिरवल्यावर, गोलाकार ओळीत '...टोब्लो...' एवढं दिसतं. पुढे १० आरे, मागे १२. चेन दिसत नाही, पण मागचं चाक अर्धं माणसांच्या मागे आहे, म्हणून त्यावर काही म्हणत नाही. कार्डाच्या मागे उभी रेघ आहे.

चाकावरच्या माणसाचा कान टोपीच्या पट्ट्याखाली झाकलाय.

चेनकव्हर

मग गाडी पक्की, माणूस नाही. आणि न्यूयॉर्कसुद्धा नाही. 'हॉटेल' इंग्रजीतलं आहे आणि बर्फ आहे, एवढ्यावर अमेरिका म्हणता येईल, पण मोटोब्लोक आयोवापर्यंत गेली होती. बर्फ आणि हॉटेल वाटेत सगळीकडेच.

काचेची_पट्टी

सहमत. पेन्सिलीची ओळ खोडू नका, तीही नोंदच आहे. खाली असं लिहा:

'मोटोब्लोक (हबकॅपवरून), न्यूयॉर्क–पॅरिस, फेब्रुवारी–मार्च १९०८, अमेरिकेत, नेमकी जागा अनिश्चित. चाकावरची व्यक्ती शार्ल गोदार असण्याची शक्यता. चेहऱ्यावरून पडताळणी झालेली नाही. मूळ छपाई आडवी उलटी, येथे सुलटी केली आहे. मागे पेन्सिलीत, वेगळ्या काळात: गोदार, पेकिंग–पॅरिस, १९०७.'